देवाला नवीन विचारायच्या आधी त्यानं सांगितलेलं तर करा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि. आणि जय ख्रिस्त.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून लिहून राहिली. आशा वर्कर आहे, घरी कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी-सोयाबीन-तूर जे सगळ्यांकडे तेच आमच्याकडे, आणि आमचं घर आजेसासऱ्यांपासून ख्रिस्ती आहे. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं वाचून कोणी म्हणू नये की ही बाई प्रार्थनेच्या विरोधात लिहिते किंवा हिला आमच्या लोकांची बदनामी करायची आहे. प्रार्थना मी रोज करते, पाटीलकी दाखवायला नाही करत, गरज आहे म्हणून करते. आणि करते म्हणूनच हे लिहायचा हक्क आहे असं मला वाटते.

झालं असं की मागच्या महिन्यात तुमच्या पेपरात घालून एक रंगीत पॅम्प्लेट आलं. तीन दिवसांची प्रार्थना सभा, मंडप, बाहेरून येणारे सेवक, येण्याजाण्याला गाडीची सोय. त्यावर लिहिलं होतं की नोकरी, लग्न, कर्ज, मूलबाळ, कोर्टकचेरी, जुनाट आजार काहीही असो, तुम्हाला मिळावं हीच देवाची इच्छा आहे, फक्त या आणि मागा. खाली बायबलची दोन वचनं, मत्तय 7:7 (मागा म्हणजे मिळेल) आणि याकोब 5:15, छापलेली. मी गेली होती. गाणी चांगली होती, खोटं काहून बोलू, आणि जेवणही बरं होतं. पण मंचावरून माईकमध्ये सांगणं चाललं होतं की देवाची इच्छा आहे यावर्षी तुमच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा राहावा, म्हणा आमेन, आणि लोक म्हणत होते. माझ्या शेजारी बसलेल्या भाऊच्या घरी बँकेची नोटीस येऊन पडलेली, हे मला माहीत, त्याच्या बायकोला माहीत, तो तर सगळ्यात जोरात म्हणत होता.

पॅम्प्लेट एजंट टाकतो, पेपरवाले टाकत नाही, हे मला कळते. तरी एक विनंती आहे, ती इथंच करून घेते मग विषयाकडे वळते. ठराविक आजार चमत्कारानं बरे करतो असा दावा करणाऱ्या जाहिरातींना 1954 चा कायदा आहे, तो सगळ्यांना सारखा आहे, बंगाली बाबाला आहे तसा आमच्याही मंडपाला. एजंट लोकांना तेवढी समज द्या.

आता मुद्दा. आपली प्रार्थना देवाच्या इच्छेला धरून असावी असं सगळेच पाळक सांगतात, आणि ते बरोबरच आहे, 1 योहान 5:14 मध्ये साफ लिहिलं आहे की त्याच्या इच्छेप्रमाणे मागितलं तर तो ऐकतो. पण ही इच्छा ओळखायची कशी, इथं सगळा घोळ आहे. मला जे दिसते ते असं की ज्या गोष्टी देवानं सांगितल्याच नाहीत त्या आपण खोदून खोदून विचारतो, उपास धरून विचारतो, डोळे मिटून बायबल उघडून जिथं बोट पडेल तिथं उत्तर शोधतो, आणि ज्या गोष्टी त्यानं पांढऱ्यावर काळं करून सांगून ठेवल्या त्यांच्याबद्दल आपण चकार शब्द विचारत नाही कारण उत्तर माहीत असते आणि ते आवडत नाही.

उदाहरण घ्या त्या याकोबाच्या पत्राचंच. पाचवा अध्याय. पॅम्प्लेटवर पंधरावं वचन होतं, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील ते. सुंदर वचन आहे, मला पाठ आहे. पण त्याच अध्यायात वर चौथं वचन आहे, की तुमच्या शेताची कापणी करणाऱ्या मजुरांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडून राहिली आणि तो आवाज प्रभूच्या कानापर्यंत गेला. एकाच पानावर आहेत दोन्ही. आता तुम्ही आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसात या. बाया सकाळी ओल्या पऱ्हाटीत शिरतात, कमरेला ओटी बांधून दिवसभर वेचतात, संध्याकाळी धुऱ्यावर म्हणजे बांधावर काटा लावून किलोवर मोजून वहीत आकडा पडतो, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी चुकारा व्हायला पाहिजे. होतो का? "कापूस विकला की देतो ना बाई, पळून चाललो का मी." कापूस भाव वाढायची वाट पाहत घरात पडून, आणि बाईचा किराणा उधारीवर. हा कास्तकार कोणत्या धर्माचा हे विचारू नका, सगळ्या धर्मात आहे. पण आमच्यातला असेल तर तो बुधवारच्या घरसभेला येऊन हात वर करून प्रार्थना करतो की प्रभू, कापसाला भाव दे, तुझी इच्छा मला प्रगट कर. अरे बाबा, तुझ्याबद्दल त्याची इच्छा प्रगट होऊन दोन हजार वर्षं होत आली, सात बाया तुझ्या वहीत बसल्या आहेत.

31 डिसेंबरला रात्री आमच्याकडे भक्ती असते, बारा वाजता नवीन वर्षाच्या वचनाच्या चिठ्ठ्या काढतात, डब्यातून एक चिठ्ठी उचलायची, ते तुमचं वर्षाचं वचन. पोरांना लय मजा येते. त्या डब्यात मी आजपर्यंत याकोब 5:4 ची चिठ्ठी पाहिली नाही. सगळ्या चिठ्ठ्या आशीर्वादाच्या. मी एका साली तयार करणाऱ्या ताईंना म्हटलं पण होतं की एखादी टाका ना, त्या म्हणे, "वर्षाच्या पहिल्याच दिवशी काहून कोणाचं तोंड पाडू जी."

धुऱ्याचं तर विचारूच नका. विदर्भात निम्मी भांडणं धुऱ्याची. वखरताना दरवर्षी एकेक तास म्हणजे एकेक ओळ पलीकडे सरकवायची, मोजणी आणायची म्हटलं की दोन्हीकडून खर्च आणि वर्षं जातात, तोवर दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. बायबलमध्ये शेजाऱ्याच्या शेताची मेर सारणाऱ्याला शाप सांगितला आहे, अनुवाद 27:17, नीतिसूत्रांतही जुनी मेर हलवू नको म्हणून आहे. आणि येशूनं मत्तय पाचमध्ये सांगितलं की वेदीवर दान वाहताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. म्हणजे प्रार्थना अर्धी सोडून उठून जा म्हणते तो. मी असा एक माणूस जवळून ओळखते जो पोरीच्या लग्नासाठी 21 दिवसांच्या उपासाला बसला होता, कोणता पोरगा देवाच्या इच्छेचा हे कळावं म्हणून, आणि त्याचा धाकटा भाऊ तीन घरं सोडून राहतो, त्याच्याशी बोलचाल बंद, कारण तोच, धुरा. उपास झाला, पोरगा ठरला, लग्नाची पत्रिका भावाला गेली नाही. मला सांगा या माणसाला देवानं अजून काय सांगायचं राहिलं होतं?

पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात नवऱ्यांना सांगितलं आहे की बायकोला मान देऊन वागा, नाहीतर तुमच्या प्रार्थनेत अडथळा येईल. हे वचन मी आशा म्हणून घरोघरी फिरते तेव्हा रोज आठवते. कोणत्या घरात रात्री काय होते ते आम्हाला सगळ्यात आधी कळते, बाया हाताच्या बांगडीखालचं लपवतात पण बीपी घ्यायला बाही वर करावीच लागते. त्यातले काही नवरे रविवारी वचन वाचायला उभे राहतात. या वचनावर मंडपातून कधी संदेश झाला तर मला कळवा, मी सगळ्या बायांना घेऊन येते, गाडीची सोय नसली तरी चालेल.

कोणी म्हणेल, मग काय मागायचंच नाही का? पाऊस मागायचा नाही, पोराची नोकरी मागायची नाही? मागायचं. मोकळ्या मनानं मागायचं. वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं आधी मागितलं हे लोक विसरतात. "शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो", हे पहिलं. मग "तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो". आणि एकदा म्हणून उठला नाही, मत्तयात तीनदा जाऊन तेच म्हटल्याचं लिहिलं आहे. आमच्याकडे काही जुनी माणसं एकदम धार्मिक होऊन पहिलंच वाक्य सोडून देतात, माझं काही नाही प्रभू, सगळं तुझ्या मर्जीवर, आणि पोटात मात्र खदखदत असते की सोयाबीन गेलं तर सावकाराला काय तोंड दाखवू. ते पोटातलं देवाला सांगायचं नाही तर कोणाला सांगायचं? देवाला काय ते दिसत नाही? तेव्हा पहिलं वाक्यही पाहिजे, दुसरंही पाहिजे. आणि तो प्याला टळला नाही हेही त्याच कहाणीत आहे. पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढं उत्तर आलं. दावीद राजा लेकरासाठी जमिनीवर पडून राहिला, सात दिवसांनी लेकरू गेलं, तेव्हा उठला, आंघोळ केली, देवाच्या घरी जाऊन आला आणि मग जेवला. यांचा विश्वास कमी होता असं मंचावरून कोणी म्हणत नाही. पण आमच्या गावातली कमलबाई म्हणा की विमलबाई म्हणा, तिचं पोर गेलं तर तिला दुसऱ्याच दिवशी सांगतात, तुमचा विश्वास कुठंतरी कमी पडला ताई. मला त्या वेळी इतका राग येते की प्रार्थनेतून उठून यावं वाटते.

पावसाचं सांगते. दसऱ्याच्या सुमाराची घरसभा होती. एका भाऊचं सोयाबीन सोंगून वावरात गंजी लागलेली, आभाळ भरून आलेलं, तो रडकुंडीला येऊन म्हणे, प्रभू, आठ दिवस थांबव. त्याच्याच बाजूला चटईवर बसलेली एक बाई, तिची तूर फुलावर आणि हरभऱ्यासाठी जमिनीत ओल नाही, ती म्हणे, प्रभू, एक तरी पाणी दे. दोघं खरे, दोघं विश्वासाचे. माझी सासू माझ्या कानात म्हणे, "आता देवानं काय धुऱ्यावर छत्री धरून बसायचं का वं?" मला हसू आवरेना. नीतिमानावर आणि अनीतिमानावर तो सारखाच पाऊस पाडतो हे तर बायबलातच आहे, मग सोयाबीनवाल्यावर आणि तूरवालीवरही सारखाच पडणार. पण मला त्या दिवशीचं जे चांगलं वाटलं ते वेगळंच. प्रार्थना झाल्यावर त्या तूरवाल्या बाईनं आपल्या पोराला उठवलं, म्हणे घरची ताडपत्री घे आणि काकाच्या वावरात जा, गंजी झाकू लाग. पोरगं तोंड वाकडं करून गेलं, त्याच्यामागं अजून दोघं-तिघं गेले, मोबाईलच्या टॉर्चमध्ये गंजी झाकून कडेनं दगड ठेवून आले. मग रात्री पाऊस आला की नाही ते मी इथं मुद्दामच लिहीत नाही, कारण ते लिहिलं की लोक लगेच त्यातून कोणाची प्रार्थना पावरफुल होती याचा हिशोब काढतात. देवाच्या इच्छेचा जेवढा भाग आपल्या हातात होता तेवढा त्या रात्री झाला, बाकी पाऊस त्याचा.

बहुतेक लोकांची प्रार्थना म्हणजे तहसीलमध्ये आधीच भरलेला अर्ज घेऊन जावं आणि साहेबांनी फक्त खाली सही करावी अशी असते. सही झाली तर मंचावर उभं राहून साक्ष, नाही झाली तर साहेब नाराज आहेत. आणि मंचावरची माणसं मग सही मिळवून देणारे मधले लोक होतात, त्यांचं दुकान त्याच्यावरच चालते.

आता माझ्या कामातलं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. एक पोरगा, वीस-बावीसचा, टीबीची ट्रीटमेंट चालू होती. साधा टीबी असेल तर सहा महिने गोळ्या असतात, दोन महिन्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, माणसाला वाटते झालो बरा, आणि तिथंच धोका असतो, कारण मधेच सोडलं तर तोच टीबी गोळ्यांना दाद न देणारा होऊन परत येऊ शकतो. हा पोरगा एका सभेला गेला, तिथं डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तू बरा झाला, आता गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास. यानं गोळ्या बंद केल्या. मी घरी गेली तर त्याची माय म्हणे, "ताई, तो आता देवाच्या इच्छेत आहे, तुम्ही शंका नका घालू." काही महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याला दोन पायऱ्या चढवत नव्हत्या. कोणती सभा, कोणता सेवक, ते लिहीत नाही, नाव घेऊन भांडण वाढवायचं नाही मला.

पण वचनाच्याच भाषेत बोलायचं तर हिज्कीया राजाची गोष्ट वाचा, 2 राजे 20. मरणाला टेकला होता, रडून प्रार्थना केली, देवानं स्वतः यशया संदेष्ट्याच्या तोंडून सांगितलं की मी तुला बरं करतो, आयुष्याला 15 वर्षं वाढवून देतो. एवढं पक्कं वचन मिळाल्यावरही यशया काय म्हणाला? अंजिराची ढेप आणा. म्हणजे लेप. गळवावर लावला आणि राजा बरा झाला. देवानं शब्द दिल्यावरही औषध लावलंच ना. येशू स्वतः म्हणाला की वैद्याची गरज दुखणाइतांना असते. लूक वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणते. आणि मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं वचन दाखवून कोण म्हणालं होतं ते सगळ्या ख्रिस्ती लोकांना माहीत आहे, सैतान. त्याला येशूनं उत्तर दिलं की देवाची परीक्षा पाहू नको. गोळी फेकून देऊन देवानं झेलावं म्हणणं मला त्याच्याहून वेगळं वाटत नाही. आणि आपल्या विदर्भात सुवार्ता आणणाऱ्या मिशनऱ्यांनी काय उभं केलं? आमच्याच जिल्ह्यात उमरीचा दवाखाना, वाशिमला रेनॉल्ड्स मेमोरियल, परतवाड्याकडे कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना. त्या लोकांना काय प्रार्थना करता येत नव्हती?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मंडपवाल्यांवरच सगळं ढकलल्यासारखं होईल. आमच्या जुन्या, शांत, नियमानं चालणाऱ्या चर्चमध्ये उलटी सवय आहे. तिथं आधीपासून काही दावा करत नाहीत, सगळं झाल्यावर म्हणतात, देवाची इच्छा होती. एका पहिलटकरणीच्या मातीला मी उभी होती. पाळक साहेब चांगले माणूस आहेत, मनापासून बोलत होते की देवानं आपल्या बागेतलं फूल नेलं, त्याची इच्छा. मी मात्र उभ्या उभ्या आठवत होती. हिमोग्लोबिन सातच्या खाली होतं, हे मी सातव्या महिन्यात लिहून दिलं होतं. लोहाच्या गोळ्या फळीवरच्या डब्यात तशाच होत्या, कारण गोळ्या खाल्ल्या की लेकरू काळं होते आणि मोठं होऊन अडते असं घरच्यांचं म्हणणं. रक्त चढवायला न्यायचं ठरलं तर नवरा म्हणे पेरणी होऊ द्या. त्या रात्री नाल्याला पूर, पूल कमी उंचीचा, दरवर्षी बुडते, दरवर्षी निवेदन देतो. गाडी पलीकडे उभी आणि आम्ही अलीकडे. यातलं देवानं काय केलं मला सांगा. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली तेव्हा लोक असेच कारण लावून राहिले होते, येशूनं ते कारण लावणं मोडून काढलं आणि तुम्ही स्वतः बदला म्हणून सांगितलं, लूक 13. आम्ही मात्र मातीवरून घरी आलो, हातपाय धुतले, आणि डबा फळीवरच राहिला. कास्तकारानं वावरात औषध पिलं तरी तेच, 2017 ला बोंडअळीनं पऱ्हाटी गेली तेव्हापासून किती घरी जाऊन बसली मी, कोणी म्हणे सैतानानं केलं, कोणी म्हणे देवाला हेच मंजूर होतं. सावकाराच्या व्याजाचं नाव कोणी काढत नाही, आणि गरिबाला कर्ज दिलं तर व्याज लावू नको हे निर्गम 22 मध्ये देवानं स्वतः सांगितलेलं.

मोबाईलवर स्टेटसला सगळ्यात जास्त कोणतं वचन असते तर यिर्मया 29:11. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. फुलांचा फोटो आणि खाली हे. माझ्याही स्टेटसला असते, कधीकधी. पण ते पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं, आणि त्याच्या आदल्याच वचनात लिहिलं आहे की 70 वर्षं लागतील. सत्तर. म्हणजे वाचणाऱ्यातले बहुतेक परत जाणार नव्हते. त्यांना काय करायला सांगितलं? घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, पोरापोरींची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या गावासाठी! त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे, तो सांगत होता दोन वर्षांत सगळं परत मिळेल, देव म्हणते. आता तुम्हीच सांगा, तेव्हा पॅम्प्लेट छापले असते तर मंडप कोणाचा भरला असता, यिर्मयाचा का हनन्याचा?

पोरांचं एक वेगळं आहे, ते थोडक्यात. आमच्या गावची पोरं पहाटे रोडवर पोलीस भरतीसाठी पळतात, 1600 मीटर, आणि त्यातला एक मला विचारे, काकू, मी भरती व्हावं ही देवाची इच्छा आहे का हे कसं कळेल. मी म्हटलं, ते बायबलात नाही लिहिलेलं बापू, तू पळ. झाला तर लाच घेऊ नको, ते लिहिलेलं आहे. नाही झाला तर दुसरं काम इमानदारीनं कर, तेही लिहिलेलं आहे. याकोब म्हणतो तसं, प्रभूची इच्छा असेल तर हे करू आणि ते करू असं म्हणून कामाला लागायचं. त्याला ते काही फार पटलं नाही, त्याला चिठ्ठी पाहिजे होती.

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्या मराठी माणसांना सांगायला नको. केडगावला मुक्ती मिशन, दुष्काळातल्या हजारो पोरीबाया, सगळं काम प्रार्थनेवर चालवलं अशी त्यांची ख्याती. त्यांची एकुलती एक लेक मनोरमा 1921 मध्ये त्यांच्या हयातीतच गेली, जिनं पुढं काम सांभाळावं असं होतं ती. एवढ्या प्रार्थनेच्या बाईचं लेकीसाठी मागायचं राहिलं असेल का? तरी 1922 मध्ये स्वतः जाईपर्यंत त्यांचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालूच होतं. त्यांनी याचं कारण काय लावलं असेल ते मला माहीत नाही, उद्या सकाळी काय करायचं ते मात्र त्यांना पक्कं माहीत होतं.

आमच्या बायांच्या बुधवारच्या प्रार्थनेत आता आम्ही एक पद्धत पाडली आहे. विनंत्या सांगायच्या आधी विचारतो की कोणाचं कोणाला देणं आहे का, कोणाशी बोलणं बंद आहे का, गोळ्या चालू आहेत का. हे सुरू केलं तेव्हा गर्दी निम्मी झाली. एक ताई म्हणे, "इथं देवाला भेटायला येतो का पोलीस स्टेशनला." पण एका बाईनं जावेला फोन लावला, तिथंच, सगळ्यांसमोर, आणि पहिली पाच मिनिटं दोघी भांडल्याच. मग रडल्या. मग परत भांडल्या. चहा थंड झाला सगळ्यांचा. समेट झाला का म्हणाल तर अजून पूर्ण झाला नाही, वाटणीच्या विहिरीचं बाकी आहे. पण त्या बाईची प्रार्थना आता बदलली आहे, आधी जावेला सुबुद्धी मागायची, आता दोघींना मागते.

माझं हे पत्र छापलं तर कोणा पास्टर साहेबांना राग येईल, येऊ द्या. त्यांनी जरूर उत्तर लिहावं, पण याकोब पाचचं चौथं आणि पंधरावं दोन्ही वचन धरून लिहावं. आणि सभेत कोणी बरं झालं असेल तर मला आनंदच आहे, फक्त त्याची थुंकी एकदा तपासून रिपोर्ट पाहू द्या. ज्याला गोळ्या बंद करायला सांगितलं असेल त्यानं आपल्या गावच्या आशाला भेटावं, टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, आणि ट्रीटमेंट चालू असेपर्यंत आता महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात, त्याला आधार आणि बँकेचं पासबुक लागते.

आपली,
एक आशा वर्कर आणि आपली नियमित वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ